ताई सोडून सगळे

“हॅलो? … हॅलो, छोटे? … हां, मीच. … नाही गं, काही झालेलं नाही. काही झालं तरच फोन करायचा का मी? … दुकानात. मशीन चालू आहे, जरा मोठ्यानं बोल.”

मोठ्यानं बोल म्हणाली खरी, पण ताईचा कान धाकट्या बहिणीच्या आवाजाकडे नव्हताच. त्या आवाजामागे कोण कुजबुजतंय, तिकडे होता. वडील, अण्णा, हल्ली धाकटीकडेच राहत होते. दुकान पाट्या नि फ्लेक्स छापायचं. छापण्याआधी प्रत्येक मजकूर ताईच्या नजरेखालून जायचा. आणि ती नजर काही दुकानाबरोबर बंद व्हायची नाही.

“अण्णा कुठे आहेत? … झोपलेत? या वेळी? … मग आत्ता मागे खोकलं कोण? … टीव्ही? बरं. टीव्हीला खोकला झालाय, औषध दे हो त्याला. … ऐक ना, एक विचारू? आपल्या घरच्या ग्रुपवर सगळे गप्प का झालेत? … फुलं येतात, ठाऊक आहे. सकाळी फुलं, रात्री चंद्र. शब्द कुठे गेले? … बाळ्या कामात आहे? आपला भाऊ? नवी चप्पल घेतली तरी चारी बाजूंनी फोटो टाकतो तो! … अगं ऐक ना… हो, हो… आधी ऐक!”

तिनं आवाज खाली आणला.

“परवा मी आले तेव्हा अण्णांनी फोन उशीखाली सारला. … पाहिलं मी. तू नि बाळ्या स्वयंपाकघरात खिदळत होता, मी डोकावले तर दोघं भांडी पुसायला लागलात. बाळ्या! आणि भांडी! … घर विकताय का? … मग अण्णांचा कसला रिपोर्ट आलाय? … शप्पथ? … मग दुसरा ग्रुप काढलाय. मला सोडून. हो ना?”

मशीनमधून निळ्या रंगाचा पट्टा सरकत बाहेर येत राहिला.

“… काढलाय. … आणि अण्णाही त्यात? … अण्णांनीच काढायला लावला?”

ताईनं पायानंच स्टूल ओढलं नि बसली.

“का पण? मी काय केलं? … रडत नाहीये मी, सांग तू. … थांब जरा— तुला नाही गं. अहो मशीनवाले, ते ‘उदघाटन’ तसंच नका सोडू, ‘द’चा पाय मोडा! … हां, बोल. … हसतेस काय? … हेच? हेच म्हणजे काय?”

“… कुठला मेसेज? … अण्णा तुझ्याकडे राहायला आले त्या दिवशीचा? ‘मि सूखरुप पोचलो.’ आठवतं की. मग? … मी फक्त खाली चांदणी टाकून बरोबर लिहून दिलं. ‘मी सुखरूप.’ … अगं, लोक ‘हार्दीक’ काय लिहितात, ‘आशिर्वाद’ काय देतात, ‘कि’ आणि ‘की’ एकच समजतात, कोणी सांगायला नको? … काय? … पहिलाच? जन्मातला पहिला मेसेज? … सगळी सकाळ बसले होते त्याला? … बाकीच्यांनी काय लिहिलं होतं खाली? … ‘प्रवास कसा झाला.’ सगळ्यांनी? … हं. … नाही. मी नाही विचारलं.”

ताईनं मशीनकडे पाठ फिरवली. “कसा झाला होता?”

“… आणि त्या ग्रुपवर काय लिहितात? … ट्रकवरच्या दिवसांचं? रोज?”

अण्णांनी उभा जन्म ट्रक चालवला. धाकट्यांच्या वेळेला जवळच्या फेऱ्या मिळाल्या, ताईच्या वेळेला लांबच्या. तिच्या लहानपणी ते घरी यायचे ते पाहुण्यासारखे, आणि पाहुण्याला कुठे होतात म्हणून कसं विचारायचं, तिनं कधी विचारलं नाही.

“एक वाचून दाखव ना. … पाठवू नकोस, वाच. … नाही बोलत मध्ये. … शाळेचे बाक? ट्रकभर? … भर दुपारी टायर फुटला… मग? … एक बाक खाली उतरवला… झाडाखाली मांडला… आणि त्यावर बसून डबा… … ते परत वाच. … ‘आमच्या शाळेत बाक नव्हते. मी पयल्यांदाच बाकावर बसलो.’ … हं. … थांब. … हां, वाच पुढे. … संपलं? असं कसं संपलं? उतरवला एकवेळ ओढून-ढकलून, पण परत वर चढवला कोणी? … तुम्ही कोणी विचारलंच नाहीत? वाचता काय मग, कपाळ! … उठव त्यांना. … झोपलेले नाहीत हे मघापासून ठाऊक आहे मला!”

खरखर झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“अण्णा? … हो, ऐकलं. … नाही हो, चुका काढायला नाही. तो बाक वर चढवला कोणी? … दोघी? कोण दोघी? … बायका? कुठल्या बायका, अण्णा? … थट्टा करताय तुम्ही. … आईला ठाऊक होतं हे? … हसू नका, पुढचं सांगा! … उद्या? उद्या कशाला? … लिहिणार? आणि मी कुठे वाचायचं? … ‘तिथेच’ म्हणजे… त्या ग्रुपवर? मला घेताय त्यात? … अण्णा, मी एक अक्षरही सुधारणार नाही— पण कोण होत्या त्या दोघी? … हॅलो? … अण्णा? … हॅलो?”