पंख्यात अडकणारी दोरी

पेटंट कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर दोरीचं वेटोळं होतं आणि आई तपासणारा साहेब बनून तिची तयारी करून घेत होती. माझा नंबर लागायला अवकाश होता, म्हणून कान आपसूक तिकडे गेले.

"हं, सांगा बाई, तुमची दोरी करते काय?"

"पळणाऱ्या बोटीच्या वाटेत टाकायची. ती मागच्या पंख्यात गुंडाळली जाते आणि इंजिन बंद पडतं."

"आतल्या माणसाला इजा?"

"काही नाही. बोट जागच्या जागी डुलत राहते."

"बोटी थांबवायची सोय आधीपासून आहेच की! मग हे नवं खूळ कशाला?"

"आई, साहेब खूळ म्हणणार नाहीत."

"मनात म्हणतील. उत्तर दे."

"गस्तीवाले आधी इशारा देतात. बोट थांबली नाही, तर इंजिनवर गोळी झाडतात. लाटांवर नेम चुकू शकतो."

"शकतो कसला? चुकतो म्हण."

"बरं, चुकतो."

"दादा त्यातच गेला, हे सांगणार आहेस?"

"नाही गं. तिथे फक्त दोरीचं विचारतात."

"बरंच आहे. डिझेल चोरून नेत होता, ते कशाला चारचौघांत?"

"पाणी पी थोडं."

"नको. दोरी अडकली, की पुढे काय?"

"गस्तीवाले येतात आणि त्याला धरून नेतात."

"तो शिव्या घालेल."

"घालू दे."

"मग?"

"मग तुरुंग, आई. दोन-तीन वर्षं."

"चालेल. भेटायला जाईन की मी."