सीटखालचा जोड

बिघाड शोधायचा कंटाळा, म्हणून गॅरेजवाले ‘गाडीचा कॉम्प्युटर बदला’ म्हणून मोकळे होतात. डिंभ्याच्या दत्तूभाऊंनाही मोठ्या गॅरेजात हेच ऐकवलं. त्यांची जीप बंद म्हणजे आहुप्याच्या लोकांची ये-जा बंद.

मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, “काहीही बदलायचं नाही.”

“मॅडम, तपासणीचं मशीन सांगतंय.”

“मशीन एवढंच सांगतंय, की इंजिन आणि ब्रेकचे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते आपण शोधायचं.”

मीटर घेऊन तिथंच एकेक वायर तपासत बसले. सीटखालचा जोड गंजून हिरवा पडला होता. जीपनं बाजाराला जाणाऱ्या मासेवाल्या काकूंची पाटी दत्तूभाऊ रोज त्याच सीटवर ठेवायचे, तिचं पाणी गळलं होतं. जोड घासला, जीप सुरू झाली.

काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, “मशीन कशाला लावलं त्या गॅरेजवाल्यानं? नाक लावलं असतं तरी घावलं असतं.”