व्हायोलचा जोडीदार

कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या टमटममध्ये अंबूबाईंसमोर रिया आणि रुचिता बसल्या होत्या. रियाजवळ सारंगीसारखं, पण कमरेएवढं वाद्य होतं.

"व्हायोल म्हणतात याला," रिया रुचिताला सांगत होती. " चारशे वर्षांपूर्वीची धून शिकतेय, दोघांनी वाजवायची. माझा भाग लेण्यात रेकॉर्ड करून सरांना पाठवला."

"मग?" रुचितानं विचारलं.

"सर म्हणाले, जोडीदार छान वाजवतो. गज अगदी जुन्या पद्धतीनं चालवतो."

"तू तर एकटीच होतीस ना गं?"

"एकटीच. काल परत गेले, तर मलाही त्याचं वाजवणं ऐकू आलं. मी अडखळले, तर तोही थांबला."

"आणि आज परत चाललीस?"

"निघताना त्यानं पुढची ओळ वाजवली. सरांनी ती अजून शिकवलेली नाय."

"बरं, मग?"

"सकाळी उठले, तर ती ओळ न शिकताच माझ्या हातात बसली होती."

अंबूबाईंनी वाद्याला टेकलेला गुडघा हळूच मागं घेतला.