डावा गाल

...आणि वर म्हणतो कसा, ‘प्रोफेसर, एकच तर पान लिहायचं, खाली एक आकडा टाकायचा, त्यात काय एवढं?’ त्यात काय एवढं, हे कोणाला विचारतोय हा माणूस? ज्याने पस्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातही विषय कोणता, तर माणसाला कुठलीही गोष्ट खात्रीने कळू शकते का, आणि निवृत्त होताना ज्याचं उत्तर ‘बहुतेक नाही, पण तेही नक्की सांगता येत नाही’ एवढंच होतं, त्याच्याकडे आकडा मागायचा?

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. म्हणजे बहुतेक माझीच. आमच्या गावच्या बेसबॉलच्या मैदानावर, होम प्लेटच्या म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागे, तिसऱ्या रांगेत खांबाला लागून एक खुर्ची आहे, तिथे मी एकेचाळीस वर्षं बसतोय आणि पडेल तो चेंडू वहीत टिपतोय. पेन्सिलीने, कारण शाईची मला भीती वाटते. आता आयोवातलं हे नदीकाठचं गाव केवढं, तर संघाचा मॅनेजर गस ऑर्लँडी आणि मी एकाच न्हाव्याकडे जातो. बुधवारी माझ्या मानेवर वस्तरा चालू असताना गस शेजारच्या खुर्चीतून म्हणाला, ‘प्रोफेसर, टेरेलचं कोपर बरं झालंय, सोमवारी येतोय तो. पिचर लागतात पाच, होणार सहा. एकाला खालच्या संघात पाठवायला हवं. त्या क्लिंगर पोराबद्दलचं तुमचं मत सोमवारपर्यंत लिहून द्याल ना?’ आता मानेवर वस्तरा असताना कोणी मान हलवतं का? मी गप्प बसलो, गसने तो होकार धरला.

पाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, पाळीपाळीने एकेका सामन्यात टाकतात. पहिला म्हणजे राजा, दुसरा प्रधान, तिसरा-चौथा सरदार, आणि पाचवा म्हणजे पंगतीत मीठ वाढणारा. पाऊस पडला, मधे सुट्टी आली, की पाळी बुडणार कोणाची? पाचव्याची. वेड क्लिंगर हा असा पाचवा... वय बावीस, पहिलाच हंगाम, नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतातून सरळ इथे आलेला, उंची साडेसहा फूट, आणि राहतो कुठे? माझ्या घरी. आमच्याकडे नव्या खेळाडूंना उन्हाळाभर गावातली घरं सांभाळतात, त्यात हा आमच्या वाट्याला आला. सकाळी चौदा पॅनकेक खातो आणि छपराच्या पन्हळीतली पानं शिडीशिवाय काढतो. चांगला मुलगा आहे. आता हे मी खात्रीने सांगतोय का? नाही.

म्हणून वस्तरा उचलल्यावर मी म्हटलं, ‘गस, तो माझ्या घरी जेवतो. माझं मत निर्मळ नाही.’

‘म्हणून तर तुम्हाला विचारतोय,’ गस म्हणाला. ‘दुसऱ्याने माया येऊन पाच गुण वाढवले असते. तुम्ही वाढतील या भीतीने पाच कापाल. ते मी मनात धरून चालतो.’

आणि गुण तरी कसले? या धंद्यात मोजपट्टी वीसपासून सुरू होते आणि ऐंशीला संपते. वीसच का? कोणाला माहीत नाही, मी चौकशी केली. ऐंशी कोणाला मिळत नाहीत, ते देवासाठी राखून ठेवलेत. पन्नास म्हणजे ठेवून घ्या. पंचेचाळीस म्हणजे बांधा बोचकं, चला चारशे मैल लांबच्या खालच्या संघात, आणि तिथून वर आलेला पिचर मी एकेचाळीस वर्षांत तीनदा पाहिला. खात्रीने सांगतोय का? नाही, वही बघावी लागेल.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण गुरुवारी रात्री मर्नाने मीटलोफ केलं. मर्ना माझी बायको, शेहेचाळीस वर्षांचा संसार, बाकी सगळ्या गोष्टींत तरबेज, पण तिचा तो ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा ठोकळा... बांधकामावर खपला असता. ती विचारते, ‘वेड, कसं झालंय?’ पोरगं म्हणतं, ‘फारच छान, मॅडम,’ आणि त्याचा डावा गाल टम्म फुगला. आत अक्रोड ठेवल्यासारखा. ‘आणखी वाढू?’ ‘पोट भरलं, मॅडम.’ फुगला. ‘आईला फोन केलास?’ ‘हो, मॅडम.’ नाही फुगला. माझा काटा हवेतच राहिला. हा गाल मी कुठे पाहिलाय?

ताटावरून उठून वही काढली. या पोराच्या सात सामन्यांच्या समासात मी जागोजाग एक छोटं वर्तुळ काढलेलं. का काढलं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. ताडून पाहिलं, तर प्रत्येक वर्तुळाशेजारी संथ चेंडू. संथ चेंडू म्हणजे काय, तर हात असा फिरवायचा की फलंदाजाला वाटावं आली गोळी, आणि चेंडू मात्र रमतगमत यायचा. म्हणजे थापच की ती, सगळ्यांदेखत मारलेली. आणि हे पोरगं थाप मारायच्या आधी गाल फुगवतं, जेवतानाही आणि मैदानातही! मागच्या सामन्यात त्याचे तीन संथ चेंडू भिंतीपार गेले होते, आणि समोरच्या संघाचा प्रशिक्षक चेंडू सोडून पोराच्या तोंडाकडे बघत होता. तोच संघ रविवारी परत येणार होता.

आता सांगा, मी काय करायचं? हे पानात लिहिलं तर पोरगं चारशे मैल लांब गेलं. नाही लिहिलं तर मी लबाड. त्याच्या कानात सांगावं तर परीक्षकानेच उत्तर फोडल्यासारखं, आणि पस्तीस वर्षांत मी विद्यार्थ्याला प्रश्नाचा अर्थसुद्धा कधी सांगितला नाही, कारण तो मलाही नक्की माहीत नसायचा. शुक्रवारभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी मर्नाला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यात काय एवढं?’

शनिवारी सकाळी तिने पोराच्या ताटात नववा पॅनकेक टाकला आणि म्हणाली, ‘वेड, माझं मीटलोफ भिकार असतं.’

‘नाही हो, मॅडम.’ फुगला गाल.

‘बघ. हाच गाल तू संथ चेंडूच्या आधी फुगवतोस. आमच्या म्हाताऱ्याला दिसला, म्हणजे साऱ्या जगाला दिसला.’

पोराने काटा खाली ठेवला. नवव्या पॅनकेकला, विचार करा. म्हणाला, ‘लहानपणापासून होतं असं. आई मला कधी ओरडलीच नाही, नुसती गालाकडे बघायची. उद्या त्यांनी पुन्हा धुतलं तर मी संपलो, मॅडम. बाबा म्हणालेत, पिचिंग जमलं नाही तर परत येऊन डुकरं सांभाळ.’

‘बाकीची पोरं तोंडात सूर्यफुलाच्या बिया कोंबतात, तू का नाही रे?’

‘टरफलं थुंकावी लागतात. आई म्हणते, चारचौघांत थुंकू नये.’

‘तुझ्या आईशी मी बोलते,’ मर्ना म्हणाली, आणि तिने नेब्रास्काला फोन लावला. वीस मिनिटं दोघी बोलल्या, त्यातली पंधरा मीटलोफमध्ये कांदा किती घालावा यावर, आणि अखेर साडेसहा फुटी पिचरला थुंकायची परवानगी मिळाली.

रविवारी दुपारी पोरगं मैदानात आलं ते डावा गाल ठासून भरूनच. हिवाळ्याच्या तयारीला लागलेल्या खारीसारखं. तो प्रशिक्षक बघतोय, वाकून बघतोय, टोपी मागे सारून बघतोय, पण गाल कायमच फुगलेला, वाचणार काय? नऊपैकी पाच डाव झाले, समोरच्यांच्या दोनच धावा. मी वर्तुळं काढायचं थांबवलं होतं.

आणि सहाव्या डावात, दोन बाद झालेले, तिसरा बाद की डाव संपला, दोन धावपटू मधे उभे, समोर त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज, आणि मर्नाने माझ्या बरगडीत कोपर मारलं. ‘एल्सवर्थ, बिया संपल्या.’ खरंच संपल्या होत्या. गाल सपाट. प्रशिक्षक पायरीवर चढून उभा राहिला. पोराने त्याच्याकडे एकदा पाहिलं, श्वास घेतला, आणि डावा गाल फुगला... अगदी सावकाश. झालं, म्हटलं, निघाला चारशे मैल. प्रशिक्षकाने खूण केली, फलंदाज संथ चेंडूची वाट बघत आरामात उभा राहिला, आणि आली गोळी. त्याची बॅट फिरली तेव्हा चेंडू मागे झेलणाऱ्याच्या हातमोज्यात जाऊन विसावला होता. तिसऱ्यांदा हुकला, म्हणजे बाद.

पोराने गाल खोटाच फुगवला होता हो. बावीस वर्षं जपलेला प्रामाणिकपणा, आमच्या घरात आठ आठवडे टिकला नाही. माझे डोळे भरून आले, अभिमानाने की लाजेने ते कळेना. की त्याला संथच टाकायचा होता आणि हात चुकला? खात्रीने सांगतोय का? नाही.

त्या रात्री पान लिहिलं. खाली पन्नास टाकले. मग वाटलं, ही पॅनकेकची माया. खोडून पंचेचाळीस केले. मग वाटलं, ही मायेची भीती. खोडून पन्नास. पुन्हा पंचेचाळीस... सकाळी गसने पान उजेडाकडे धरलं.

‘प्रोफेसर, इथे भोक आहे.’

‘भोक पडलं तेव्हा बहुतेक पंचेचाळीस होते.’

‘अधिक तुम्ही कापलेले पाच, झाले पन्नास. राहिला पोरगा. चौथ्याला राखीवात बसवतो, तिथला एक खाली जाईल.’

‘पण गस, तू पाच धरणार हे मला माहीत होतं, त्यामुळे मी ते कापलेच नसतील, किंवा कापले असतील पण आधी वाढवून...’

‘प्रोफेसर, घरी जा.’

तर पोरगं राहिलं. सप्टेंबरपर्यंत माझ्याच घरी. बिया आता जेवणाच्या टेबलावरही चालतात, थुंकायला कॉफीचा रिकामा डबा ठेवलाय, आणि पाहता पाहता मर्नालाही सवय लागली. वेड म्हणतो, ‘मीटलोफ फारच छान, मॅडम,’ गाल भरलेला. मला म्हणतो, ‘सर, तुमच्यामुळे राहिलो,’ गाल भरलेला. काय समजायचं माणसाने?

काल संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. धीर करून विचारलं, ‘मर्ना, नवरा म्हणून मला वीस ते ऐंशीमध्ये किती देशील?’

तिने मुळीच वेळ लावला नाही. ‘ऐंशी,’ म्हणाली.

मी तिच्या गालाकडे पाहिलं. दोन्ही भरलेले.

वहीत टिपून ठेवलंय. पेन्सिलीने.