तारेवरचं ओलं सूत

आम्ही मूळचे तुकईथडचे, घरी केळी आन् कापूस, पण मले लहानपणापासून कोणतीही वस्तू उघडून पाहायची खोड, म्हणून शेत भावाकडे राहिलं आन् मी पोलिसांच्या वायरलेसवर लागलो, बऱ्हाणपुरात, इतवाऱ्याच्या चौकीच्या माडीवर. काय सांगू तुम्हाले, त्या सेटमध्ये एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह, सगळा जोर त्याचा, आन् तो जोर छतावरच्या तारेनं हवेत सोडायचा. तारेनं घेतला नाही तर तो माघारी व्हॉल्व्हवरच पडतो, आतलं धातूचं पान लाल होतं, आन् तसंच चालू ठेवलं की गेला व्हॉल्व्ह. आमच्याकडे तो एकच. दुसरा मागवलेला, पण तेव्हा राज्यांची जोडाजोडी चाललेली, राजधानी नागपूरहून भोपाळले गेली, आमचा कागद मधेच कुठं बसला कोण जाणे.

त्या दिवशी तापी चढत होती. खाली भुसावळले खबर द्यायची. सेट चालू केला तर पान लाल, इंगळासारखं. मी पट्कन बंद केला. जमादार ओरडले, अरे पाठव ना, बंद काय करतो? म्हटलं, साहेब, अर्ध्या निरोपात हा गेला तर उरलेला अर्धा तुम्ही पोहत नेणार काय? आन् पळालो छतावर.

पाहतो तर शेजारच्या गोदामावशीनं, तिची गच्ची आमच्या छताले लागूनच, तारेवर रंगवलेल्या सुताच्या लडी टाकलेल्या, ओल्याचिंब. म्हटलं, मावशी, हे काय! ती म्हणे, घडीभर ऊन पडलं रे, आन् तुझी तार तर रिकामीच असते, तिच्यावरून काही जाताना मी तर कधी पाहिलं नाही. दोघांनी लडी काढल्या, तार पुसली. खाली येऊन आधी थोड्याच जोरावर लावून पाहिलं, पान काळंच राहिलं, मग जोर वाढवला आन् निरोप सोडला. भुसावळनं मिळाला म्हटलं तेव्हा कुठं जमादार खाली बसले.

मावशी लडी खांद्यावर घेऊन दारात उभीच. तिले राहवेना. पाणी टपकलं बाहेर आन् तापलं आतलं, हे कसं रे? मी समजावलं. जरा विचार करून म्हणे, मतलब, मागावर धोटा अडला की धागा तुटतो, तसं. म्हटलं, बिल्कुल तसं.

मग मी तिले सुतासाठी दोरी बांधून दिली, तारेपासून दूर, आडबाजूले. तेव्हापासून रोज सकाळी ती गच्चीतून हाक द्यायची, रे, तार मोकळी आहे, पतंग अडकली होती ती मीच काढली, बोल आता तुझ्या भुसावळशी. भोपाळहून नवा व्हॉल्व्ह आला तेव्हाही जुनाच चालत होता.

आता सेट नाही, तार नाही, मावशीही नाही. दोरी आहे. परवा तिच्या सुनेनं विचारलं, काका, एवढी गच्ची सोडून ही दोरी अशी कोपऱ्यात कोणी बांधली हो? म्हटलं, बस पोरी, सांगतो. पण आधी लडी टाकून ये, ऊन जाईल.