श्वास सोडल्यावर दिसलेलं दुखणं

मंडळी, तुमी हातातली कामं टाकून आलात. मला भाषण येत नाय. मासळीचा भाव सोडून चार माणसांत मी कधी बोललो नाय. पण माझी सून गेली, म्हणून उभा राहिलो. आवाज फुटला नाय तर सांभाळून घ्या.

रेश्मा तुमच्या ओळखीचीच. बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. बोंबलाचं कालवण तिनेच करावं! आणि स्वतः? चार घास खाल्ले की पोट धरून बसायची. वाळून काडी झाली पोर. सोनोग्राफी केली, नॉर्मल. पालघरला सिटीस्कॅन केला, नॉर्मल. मग बोलणारे बोलले. नाटकं हायत. काम नको म्हणून हाय. कोण बोललं, बाहेरचं बघा. ती आमाला वाढायची आणि ऐकायची.

शेवटी बोईसरलाच एक डॉक्टरबाई भेटल्या. सोनोग्राफी करताना म्हणाल्या, "आजवर श्वास भरून धरायला सांगितलं ना? आता सोड. पूर्ण सोड, आणि थांब."

तिने सोडला, आणि दिसलं. पोटाला रक्त नेणारी नस वरून दाबली जात होती. श्वास भरला की मोकळी, सोडला की आवळलेली. बाई म्हणाल्या, असं फार क्वचित असतं. मग श्वास सोडून पुन्हा स्कॅन केला. त्यात शेजारची एक नस फुगलेली दिसली.

रेश्मा बाहेर आली ती हसत. एवढं मोठं दुखणं निघालं आणि ही हसते! मला म्हणाली, "बाबा, फोटोत आलं. आता कोण नाय म्हणंल?" ती फिल्म घेऊन घरोघरी फिरली. लग्नाचा अल्बम दाखवावा तशी खिडकीपाशी धरून दाखवली. तुमी पण बघितली असंल.

मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्याच्या आधीच ती फुगलेली नस फुटली. गाडी दवाखान्यात पोचली, रेश्मा नाय पोचली.

डॉक्टरबाईंचे उपकार हायत. त्यांनी शोधलं. पण मला सांगा, ती रोज तोंडाने सांगत होती ना? रोज सांगत होती. तरी पोरीला आपलं दुखणं पटवायला फोटो लागला. हे माझ्या काळजातून जात नाय.

आता उभे राहूया. थोडा वेळ कोणी कोणाची समजूत घालू नका.

रेश्मा, बाय, जा सुखाने. आता कोणाला काय दाखवायला नको. आमी मानलं.