टोपीतली अंडी

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका गावात लांब काठी पाण्यात रोवून, तिच्यावर चढत कालवा ओलांडायची शर्यत चालली होती. पहिल्याच उडीत पाण्यात पडलेली नीन्के टॉवेल गुंडाळून गरम सुपाच्या रांगेत कुडकुडत होती. तिच्या पुढे तिचे आजोबा हार्मेन आणि त्यांचा जुना दोस्त डाउवे यांची जुंपली होती.

“माझा नातू पलीकडे वाळूत, तुझी नात पाण्यात. रक्तातच असावं लागतं, हार्मेन!”

“रक्त कसलं डोंबलाचं! पोरगा रोज संध्याकाळी काठीवर चढायचा सराव करतो, म्हणून जमतं.”

“आणि माझा बाप? त्याने कुठे सराव केला होता? टोपीत टिटवीची अंडी ठेवून काठीने चर ओलांडायचा. एक अंडं फुटलं नाही कधी.”

“अंडी कुणाच्या कुरणातली?”

“तुमच्या.”

“आणि मागे दाताळं घेऊन कोण धावायचं?”

“तुझा बाप.”

“मग? दर वसंतात फुकट शिकवणी दिली त्याने!”

“एवढा गुरू, तर स्वतः का नाही उडाला कधी?”

“कशाला उडेल? कुरण आमचं, चरावरचा साकव आमचा. तो साकवावरून जायचा.”

“म्हणजे तुमच्या रक्तात साकवच!”

तेवढ्यात पुकारा झाला. शेवटची फेरी, नीन्के सातवी. तिने टॉवेल आजोबांच्या खांद्यावर टाकला.

“अगं, सूप?”

“राहू दे. आजोबा, ते दाताळं अजून घरात आहे?”

“आहे की. का गं?”

“सायकल काढा आणि घेऊन या. माझी पाळी आली की लागा माझ्या मागे!”